बाथ बॉम्ब आणि गाईंनी नाकारलेलं पाणी



श्रावणातली गोष्ट. लेक कॉलेजातून आली ती पिशवी घेऊनच. पिशवीत एक किलो एप्सम सॉल्ट, खायच्या सोड्याचे दोन डबे आणि लिंबूसत्वाचं पाकीट. "आई, आपण बाथ बॉम्ब करायचे."

आमच्या सासूबाई शेजारच्या खोलीत जप करत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, कान मात्र तिखट. "घरात बॉम्ब?" म्हणत त्या बाहेरच आल्या. मग लेकीने त्यांना समजावलं की हा गोळा पाण्यात टाकला की फसफसतो, वास सुटतो, आणि त्या पाण्यात बसायचं. सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं खदखदतं म्हणतेस, मग त्या पाण्यातल्या जीवांचं काय गं होतं?"

लेक माझ्याकडे बघायला लागली आणि मी पिशवीकडे.

सासूबाईंचं माहेर कृष्णाकाठचं. त्या लहान असताना घरी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचे. ते तर आपण सगळेच ऐकून आहोत. पण गाळून झाल्यावर ते फडकं वरून गाळलेलंच पाणी ओतून धुवायचं आणि त्यातले जीव परत त्याच विहिरीत हळूच सोडायचे, हे काम त्यांच्याकडे असे. दुसऱ्या विहिरीत सोडून चालत नसे. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगेलच असं नाही, असं त्यांची आज्जी सांगायची. गेली तीस वर्षं त्यांचा एका बादलीत आंघोळ करण्याचा नियम आहे. अशा बाईच्या घरात दीडशे लिटरच्या टबात विरघळवायची वस्तू करायची, तर निदान ती कुठून आली हे तरी आपल्याला ठाऊक हवं, असं मला वाटलं. म्हणून वाचत बसले. पर्युषणाच्या तयारीचे दिवस होते, फराळाचं काम मागे पडलं, पण जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एप्सम हे गावाचं नाव आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. मला वाटायचं एखाद्या कंपनीचं असेल. इंग्लंडमध्ये सरे नावाच्या परगण्यात, लंडनच्या दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटरवर हे गाव आहे. गोष्ट अशी सांगतात की १६१८ च्या उन्हाळ्यात तिथे पाण्याची फार टंचाई होती. हेन्री विकर नावाच्या गुराख्याला गावच्या माळावर एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. त्याने खळगा मोठा केला, पाणी साठू दिलं आणि गाई तिथे आणल्या. गाई तहानलेल्या होत्या, पण पाण्याला तोंड लावेनात. पाणी कडू होतं.

मग लोकांच्या लक्षात आलं की त्या पाण्याने जखमा धुतल्या तर बऱ्या होतात. आणि काही वर्षांनी कुणी तरी ते प्यायलं, तेव्हा त्याचा दुसरा गुणही कळला. पोट साफ! (पुढचं तपशीलवार सांगत नाही.) त्या काळातल्या युरोपात जुलाब हा सगळ्या रोगांवरचा उपाय मानला जायचा, त्यामुळे या गावाचं नशीबच उघडलं. लंडनहून घोडागाड्या भरभरून माणसं यायला लागली. सॅम्युएल पेपिस हा तिथला प्रसिद्ध रोजनिशीकार. तो १४ जुलै १६६७ ला एप्समला गेला आणि चार पाइंट पाणी प्यायला, असं त्यानेच लिहून ठेवलंय. चार पाइंट म्हणजे दोन लिटरच्या आसपास! बरोबरच्या बायकांनी मात्र पाण्याला हात लावला नाही. शहाण्या होत्या. १६७२ मध्ये थॉमस शॅडवेलने या विहिरींवर एक विनोदी नाटकही लिहिलं. थोडक्यात, औषध राहिलं बाजूला आणि जत्रा भरायला लागली.

आता येतो नेहेमाया ग्रू. हा माणूस मला फार आवडला. पेशाने डॉक्टर, पण खरं वेड वनस्पतींचं. सूक्ष्मदर्शकाखाली देठ, मुळं, बिया कापून बघायचा. १६८२ मध्ये त्याने झाडांच्या शरीररचनेवर एक मोठा ग्रंथ काढला, आणि फुलातला पुंकेसर हा झाडाचा नर भाग आहे असं त्यात मांडलं. वनस्पतीला जीव आहे हे आपल्याकडे पाठशाळेतल्या पोरालाही शिकवतात, पण भिंगातून ते इतक्या कौतुकाने बघणारा माणूस तिकडे होता याचं मला बरं वाटलं. तर या ग्रूने एप्समचं पाणी आटवून त्यातलं कडू मीठ वेगळं काढलं आणि १६९५ मध्ये त्यावर लॅटिन पुस्तिका लिहिली. १६९८ मध्ये हे मीठ बनवण्याचा हक्क राजाकडून त्याला मिळाला.

पण हक्काचा कागद हातात येईपर्यंत खेळ झाला होता. लंडनमधल्या मोल्ट नावाच्या औषधविक्रेत्या भावांनी त्याच्या पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर त्याला न विचारता १६९७ मध्येच छापलं. तेवढ्यावर न थांबता शूटर्स हिल या दुसऱ्याच टेकडीवरच्या झऱ्यापासून तेच मीठ काढून ते स्वस्तात विकू लागले. बिचाऱ्या ग्रूची चिडचिड झाली असणारच.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. मीठ पुडीत मिळायला लागल्यावर एप्समला जायचं कारणच उरलं नाही. पुढे अठराव्या शतकात लिमिंग्टन या समुद्रकाठच्या गावात, मिठागरात मीठ निघाल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यापासून एप्सम सॉल्ट काढायला लागले. आपल्या कोकणातल्या मिठागरातही मीठ ओढून घेतल्यावर असंच कडू पाणी उरतं, आणि तो कडूपणा मॅग्नेशियमच्याच क्षारांचा. नाव एप्समचं राहिलं आणि मीठ भलतीकडचं. एप्सम गाव आज ओळखलं जातं ते १७८० पासूनच्या डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी.

इथपर्यंत वाचून मी हसत होते. मग एका ठिकाणी 'मॅग्नेशियम सल्फेट' हे पूर्ण नाव आलं आणि मी थांबले. हे नाव मी ऐकलं होतं. कुठे ते आठवायला वेळ लागला नाही.

सोळा वर्षांपूर्वी, या लेकीच्या वेळी, आठवा महिना सरत आला असताना माझं बीपी एकदम चढलं. डोळ्यांसमोर ठिणग्या, डोकं फुटेल असं दुखणं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर सिस्टरना म्हणाल्या, "मॅगसल्फ काढा." शिरेतून ते औषध जायला लागल्यावर अंगातून निखारे फिरल्यासारखी जी आग झाली, ती अजून आठवते. बाहेर बाकावर सासूबाई णमोकार म्हणत बसल्या होत्या. मला झटके आले नाहीत. मुलगी वेळेआधी झाली, पण रडली, आणि सगळं सुटलं. मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. म्हणजे एप्सम सॉल्टच, औषधी दर्जाचं, निर्जंतुक केलेलं. गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात त्यावर हेच देतात. २००२ मध्ये 'मॅगपाय' नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका त्यात होत्या, आणि हे औषध मिळालेल्यांमध्ये झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं. माझी वेळ त्यानंतरची. ज्या पाण्याला गाईंनी तोंड लावलं नाही, त्यातला क्षार माझ्या शिरेतून गेला होता, आणि ज्या पोरीसाठी गेला ती एक किलोचं पाकीट घेऊन ओट्यापाशी उभी होती. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग बॉम्ब करायलाच पाहिजेत!" सोळाव्या वर्षी असंच सुचतं.

पण सासूबाईंचा प्रश्न फसफसण्याबद्दल होता, मिठाबद्दल नव्हता. एप्सम सॉल्ट पाण्यात गुपचूप विरघळतं. बुडबुडे येतात ते सोडा आणि लिंबूसत्व पाण्यात भेटल्यामुळे. ढोकळ्यात ईनो घातल्यावर पीठ फुगतं ना, अगदी तेच. ईनोच्या पुडीवर बारीक अक्षरांत स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्लम् अशी नावं असतात, वाचून बघा. सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिडच ते. दोन्हींतून निघतो कार्बन डायऑक्साइड.

आणि हा वायू सापडण्याची कथा पुन्हा एप्सम सॉल्टपाशीच येते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जोसेफ ब्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. मुतखड्यावर सौम्य औषध शोधत होता. त्याने एप्सम सॉल्टच्या पाण्यात झाडाच्या राखेतला क्षार मिसळला, तेव्हा खाली पांढरी पूड बसली. ही पूड आम्लात टाकली की फसफसायची. भट्टीत तापवली की तिचं वजन निम्म्याहून जास्त घटायचं, आणि मग ती आम्लात टाकली तर मुळीच फसफसायची नाही. वजन गेलं कुठे? त्याने तराजूने पुन्हा पुन्हा मोजलं आणि ठरवलं की पुडीत अडकलेली एक प्रकारची हवा निघून जाते. तिला त्याने 'स्थिर हवा' असं नाव दिलं. १७५४ चा त्याचा प्रबंध आणि १७५६ चा छापील लेख, या दोन्हींत हे आहे. आज आपण तिलाच कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

ब्लॅकची व्याख्यानं तो गेल्यावर १८०३ मध्ये छापली गेली. त्यांत तो सांगतो की ही हवा श्वासात घेणाऱ्या प्राण्यांना मारक आहे हे त्याने चिमण्यांवर पाहिलं. चिमण्या तिच्यात दहा-अकरा सेकंदांत मरायच्या. मग त्याने त्यांच्या नाकपुड्या वितळलेल्या चरबीने बंद केल्या, तेव्हा तीन-चार मिनिटं जगल्या.

हे वाचल्यावर त्या दिवशी मी पुढे वाचलं नाही. प्रयोग करणारा माणूस क्रूर होता असं मला म्हणायचं नाही. त्या शोधामुळे पुढे खाणी, विहिरी, बंद खोल्यांत किती माणसं वाचली असतील. विहिरीत उतरण्याआधी पेटता दिवा सोडून बघायची आपल्याकडची पद्धतही अशाच हवेच्या धोक्यामुळे. पण नाकपुड्यांत चरबी भरलेली चिमणी डोळ्यांसमोरून जाईना. रात्री प्रतिक्रमण करताना 'जाणते-अजाणतेपणी' या शब्दांपाशी अडखळले.

दुसऱ्या दिवशी लिंबूसत्वाकडे वळले. हा तरी आपल्या घरचा पदार्थ, म्हटलं यात काय असणार! १७८४ मध्ये शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने लिंबाच्या रसातून त्याचे खडे काढले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं हा व्यापार मुख्यतः इटलीच्या हातात, सिसिलीच्या लिंबाच्या बागांवर चालला. मग १९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स करी याने दाखवून दिलं की एक काळी बुरशी साखरेच्या पाण्यावर वाढवली तर भरपूर सायट्रिक अ‍ॅसिड बनवते. फायझर कंपनीने १९१९ मध्ये त्याचा कारखाना सुरू केला. आज बाजारातलं जवळपास सगळं लिंबूसत्व असंच तयार होतं. नावात लिंबू आहे, पाकिटावर पिवळ्याधमक लिंबाचं चित्र आहे, आत लिंबाचा संबंध नाही.

आणि मी! पावसाळ्यात तीन दिवसांपलीकडचं पीठ न वापरणारी, पापडावर बुरशीचा ठिपका दिसला तर आख्खा डबा काढून टाकणारी मी, हे पाकीट वर्षानुवर्षं भेळेच्या पाण्यात घालत होते. तयार पुडीत बुरशी नसते, ती गाळून वेगळी केलेली असते, हे मान्य. पण ती वाढवून मग काढून टाकली, म्हणूनच तर पुडी झाली. ज्याने त्याने आपापलं ठरवावं. मी स्वयंपाकात तरी परत लिंबावर आले आहे.

बाथ बॉम्ब ही वस्तू मात्र अगदी अलीकडची. १९८९ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात मो कॉन्स्टंटाइन यांनी आपल्या बागेतल्या शेडमध्ये ती पहिल्यांदा तयार केली. पोट बिघडल्यावर घ्यायच्या फसफसणाऱ्या गोळीवरून त्यांना कल्पना सुचली. त्यांची स्वतःची त्वचा नाजूक होती, तिला सोसेल असं काही तरी त्यांना हवं होतं. पुढे १९९५ मध्ये त्यांनी, त्यांच्या यजमानांनी आणि काही सोबत्यांनी लश ही कंपनी काढली. प्राण्यांवर चाचण्या न करण्याचा आग्रह ही त्या कंपनीची ओळख आहे. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी मेलेल्या चिमण्यांना त्याचा उपयोग नाही, पण मला वाचून बरं वाटलं.

आता आमच्या स्वयंपाकघरात या. एक वाटी खायचा सोडा, अर्धी वाटी लिंबूसत्व, अर्धी वाटी मिक्सरमधून बारीक केलेलं एप्सम सॉल्ट, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, दोन चमचे खोबरेल, थोडी चंदनाची पूड. बाजारातला लाल रंग आणू दिला नाही, कारण काही लाल रंग किड्यांपासून काढतात. साचा कुठला? मोदकाचा!

पहिला घाणा वाया गेला. श्रावणातली हवा, भिंतीसुद्धा ओल्या. पाण्याचा हबका मारायची गरजच पडली नाही, हवेतल्या दमटपणानेच मोदक साच्याबाहेर फुगून आले आणि चिरा पडल्या. मी शहाणपणा करून उरलेले ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळायला ठेवले. पंधरा मिनिटांनी ट्रेमध्ये फेसाळ लगदा. कारण नंतर कळलं. एप्सम सॉल्ट हाताला कोरडं लागतं, पण त्याच्या वजनातला निम्मा भाग पाणी असतं, खड्याच्या आत बांधलेलं. तापवलं की ते सुटतं आणि सोडा-लिंबूसत्वाला आतूनच पाणी मिळतं. तेव्हा हे गोळे तापवायचे नाहीत, उन्हात ठेवायचे नाहीत. कोरड्या हवेत सावलीत एक दिवस, बस्स.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर पुन्हा केले. सहा मोदक, एकही चीर नाही.

तोवर सासूबाईंना मी वाचलेलं सगळं सांगितलं होतं, चिमण्यांसकट. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आपल्या मुनिमहाराजांच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे, आणि आपण आंघोळ सुगंधी कशी करावी यावर महिने घालवतोय, असं काही तरी ऐकून घ्यायची माझी तयारी होती. पण त्या म्हणाल्या, "माझ्या वाट्याचं गाळून तापवलेलं पाणी असतं ना, त्यातलंच अर्धी बादली घ्या. नवीन पाणी तापवायचं नाही. पाय बुडवून बघते." म्हणजे त्या दिवशी त्यांची आंघोळ अर्ध्या बादलीत.

घमेल्यात पाणी ओतलं, लेकीने मोदक सोडला. खिडकी उघडी होती. दोन मिनिटं चुर्रर्र आवाज, पांढरा फेस, चंदनाचा वास. सासूबाई वाकून बघत होत्या. "संपलं?" म्हणाल्या. मग वीस मिनिटं पाय तसेच ठेवून बसल्या.

गुडघे दुखायचे थांबले का, असं विचारू नका. मॅग्नेशियम कातडीतून भरपूर आत जातं असं पाकिटावर लिहितात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. कोमट पाण्याने पाय मोकळे होतात तेवढं खरं. सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी नुसतं मीठच टाका, ते आवाजाचं नको. मधुमेह असेल तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याला हात घालून बघू द्या, आणि पायाला जखम असेल तर राहूच द्या. सोडा असलेलं हे पाणी कुंड्यांना घालू नका, सोड्यातला क्षार झाडांना सोसत नाही.

उरलेले पाच मोदक घट्ट झाकणाच्या डब्यात वरच्या फळीवर आहेत. डब्यावर लेकीने मोठ्या अक्षरात 'खाऊ नये' असं लिहिलंय. तरी धाकट्या दिरांनी परवा एक उचललाच होता.